पडद्यावरची अक्षरं

खटपट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण पगाराच्या कागदाखेरीज खरं नाव कुणी घेत नसे. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की याचे हात शिवशिवलेच म्हणून समजा! सव्वीस वर्षं तो धरणाच्या दाराशी नोकरीला होता. त्याचा धाकटा भाऊ खाली कालव्यात गाळ काढणाऱ्या टोळीत.

डोंगरात मोबाईल लागत नसे. वरच्या खोलीतून खालच्या चौकीपर्यंत एकच तार. वर टाइप केलेलं अक्षर खाली पोचलं की तिथलं यंत्र तेच परत पाठवायचं आणि मग ते वरच्या पडद्यावर उमटायचं. पडद्यावर दिसलं म्हणजे पोचलं, हा तिथला नियम. सूचना पोचली की खाली घंटा वाजायची आणि टोळी बाहेर यायची; वर मात्र ती ऐकू येत नसे.

त्या आठवड्यात जुना पडदा जळाला आणि नवा कॉम्प्युटर आला. शनिवारी सकाळी भाऊ डबा घ्यायला वर आला, तेव्हा हा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला.

"दादा, घंटा वाजल्याशिवाय पाणी सोडू नकोस हं."

"अरे, इतकी वर्षं मी काय झोपा काढल्या का?"

भाऊ हसत उतरून गेला.

खालच्या जुन्या यंत्राचा वेग किती, तारेवरून एक अक्षर किती खुणांनी जातं, हे लिहिलेली वही कुणीतरी गहाळ केली होती. चौकीतल्या माणसाला जाऊन विचारायचं, तर दीड तासाची पायपीट. साहेबांनी दोनदा बजावलं होतं की दार चारला उघडलंच पाहिजे. खटपट्याने नव्या कॉम्प्युटरमध्ये अंदाजाने आकडे भरले; ते जुळले तरच खालचं यंत्र अक्षरं घेणार होतं. टाइप केलं, पडद्यावर काही नाही. वेग बदलला, तरी नाही. घामाघूम झाला बिचारा. शेवटी यादीच्या तळाशी एक चौकोन दिसला: टाइप केलेलं इथेच दाखवा. त्याने खूण केली आणि अक्षरं भराभर उमटू लागली. जमलं एकदाचं म्हणून त्याने मान मोकळी केली. हुशार माणूस, पण त्या ओळीतला 'इथेच' त्याने वाचूनही वाचला नाही. आता अशा माणसाला काय म्हणावं!

चारला दहा मिनिटं असताना त्याने लिहिलं: दार उघडतोय, माणसं बाहेर काढा. सगळी अक्षरं स्वच्छ दिसली. चारला त्याने बटण दाबलं. जमिनीखालून घरघर सुरू झाली आणि पाणी सुटलं.

चहाला जागा करायला त्याने कॉम्प्युटर थोडा सरकवला. मागची तार सुटून खाली पडली, ते त्याला कळलंही नाही. 'दार उघडलं' एवढं लिहून झाल्यावर ती पायाला लागली.

तो वाकला. तार हातात घेतली. एक अक्षर दाबलं. ते उमटलं. आणखी एक दाबलं. तेही उमटलं.

त्याने दार बंद करायचं बटण दाबलं. दार पूर्ण मिटायला आठ मिनिटं लागत, आणि सुटलेलं पाणी टोळीपर्यंत सहा मिनिटांत पोचे. त्याने तार परत खोचली, चौकोनातली खूण काढली आणि टाइप केलं, बाहेर या.

पडद्यावर नवं काहीच उमटलं नाही. त्याने पुन्हा टाइप केलं.