कोण येतंय गं रोपाला

आमच्याकडे, दिग्गीच्या बाजूला, भाताचं रोप लावताना एक बाई गाण्याची ओळ टाकते आणि दुसरी झेलते. टाकायची ओळ ठरलेली असते. झेलणारीनं मात्र दर खेपेला नवी ओळ जुळवायची, कुणाची खोडी काढायची, कुणाच्या नवऱ्याची टर उडवायची. आमच्या शेतात काकी टाकायची आणि माझी आई झेलायची. दोघी सख्ख्या जावा. काकी आईला अक्का म्हणायची.

आई गेली आणि काकीचं गाणंच बंद पडलं. शेतात टाकलेली ओळ माणसानं झेलली नाही तर रान झेलतं, आणि मग टाकणारीला रानातून बोलावणं येतं, असं आमच्या बायका म्हणतात. मी खानापुरात दिलेली. मला हसू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात काकीची रामनगरची भाची आली आणि लाडीगोडी लावून तिनं ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं. काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "हे अंगण हाय, शेत न्हवं," असं स्वतःलाच बजावत तिनं टाकली एकदाची ओळ:

पाणी चढलं बांधाला, कोण येतंय गं रोपाला?

पुढे गप्प. आईची ओळ होईल एवढा वेळ थांबली, मग पुढची टाकली. परत गप्प. गाणं तसंच फोनवरून सुटलं आणि गावोगाव पोचलं.

मग काय विचारता! जो तो गायला लागला. बेळगावच्या एका पोरीनं त्या रिकाम्या जागेत बासरी भरली. वरातीतल्या डीजेवाल्यानं धडाधड ढोल घातला. कुणी कन्नडमध्ये गायलं, गोव्याच्या पोरांनी गिटारवर घेतलं. कुळगीचं जंगल बघायला येणाऱ्यांच्या गाडीतसुद्धा तेच. पण ती जागा मोकळी ठेवणं एकालाही जमलं नाही, मेल्यांना!

रोपलावणीसाठी माहेरी आले, तर काकी ओसरीवर फोन कानाला लावून बसलेली. जेवणाची शुद्ध नाही, अंगावर मूठभर मांस नाही. एक गाणं संपलं की म्हणायची, "ही अक्का न्हवं. दुसरं लाव."

"अगं काकी, ही सगळी परकी माणसं. त्यात आई कशी येईल?"

"येवढी जणं झेलाय लागल्यात. कुणात तरी ती आसंलच की."

आई गेली ती गेली, आता हीही हातची जाणार, एवढंच डोक्यात घोळायला लागलं.

रानाला लागून असलेल्या शेवटच्या तुकड्यात लावणी चालली होती. भर दुपार. काकी कुणाचं न ऐकता चिखलात उतरली, रोपाची मूठ हातात घेतली आणि ओळ टाकली. बायका वाकल्या होत्या तशाच थांबल्या. आईची जागा घ्यायची कुणाची छाती होईना. बेडूकसुद्धा गप्प झाले. आणि देवाशप्पथ सांगते, झाडीतून मला श्वास ऐकू आला. ओळ उचलायच्या आधी आई घ्यायची तसा, मध्येच जरा अडकलेला. काकीनं मान तिकडे वळवली. मग एक पाऊल टाकलं.

मी ओरडलेच. तोंडाला येईल ते, पण त्याच चालीत:

पेज गेली उतू गं जावे, कुठं निघालीस तू?

मला ओळी जुळवता येत नाहीत. जन्मात कधी आल्या नाहीत. ही कुठून आली, मला ठाऊक नाही.

काकी थबकली. रानाकडे पाठ करून माझ्याजवळ आली आणि चिखलाच्या हातांनी माझा चेहरा धरला. "किती वाट बघाय लावलीस गं, अक्का," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. वाटलं, सुटली बाई एकदाची.

त्या दिवसापासून काकी पोटभर जेवते. फोन लाव म्हणत नाही. लावणी आटपली तशी मी पिशवी भरून बस गाठायला निघाले, तर ही दारात उभी.

"अक्का, कुठं निघालीस तू?"

"काकी, मी गं! खानापूरला जाते. घरी पोरं वाट बघत असतील."

ती हसली. माझ्या हातातली पिशवी धरून मायेनं म्हणाली, "खानापुरात तुझी लेक दिलेली हाय न्हवं? ती येईल की पुढच्या लावणीला."

मी पिशवी सोडली.