बँडवाल्याचा चेहरा

वसईत बँड म्हटलं की लग्न. पुढे नवरदेव, मागे लाल कोट घातलेला, घामाघूम झालेला ट्रंपेटवाला. त्यामुळे सिडनीजवळच्या पॅरामॅटामधली बँकेची आयटीतली नोकरी सोडून मी ऑस्ट्रेलियाच्या लष्करी बँडात जाणार आहे, हे फोनवर सांगितल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "तिकडे लष्करवाल्यांची एवढी लग्नं होतात?"

मी समजावलं. परेड असतात, शहीद सैनिकांसाठी कार्यक्रम असतात, शिवाय बँडातला एक छोटा गट गावोगावी जाऊन कंट्री गाणी वाजवतो. घोडे, ट्रक, दारू, सोडून गेलेली बायको, असल्या विषयांवरची गाणी. इथल्या शेतकऱ्यांना ती फार आवडतात. त्या गटात गिटार वाजवायची आणि गायचं, हे माझं काम. गेली काही वर्षं राखीव दलातला शनिवार-रविवारचा हौशी सैनिक म्हणून मी ते करतच होतो. आता पूर्णवेळ करायचं म्हणत होतो.

आईने त्यातलं फक्त लष्कर उचललं. पुढच्या रविवारी देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) तिने सगळ्यांना सांगितलं की मुलगा मिलिटरीत लागला.

पपा चाळीस वर्षं आमच्या गावच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत होते. आठवडाभर कारखान्यात फिटर, रविवारी बँडमास्तर. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बँडने हौस भागते, घर चालत नाही." ते त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता फोनवर नुसता श्वास घेतला तरी मला ऐकू यायचं.

माझी बायको वसईचीच. तिने आमच्या तिथल्या, टूनगॅबीच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून अटी सांगितल्या. "वर्षभराची ट्रायल आहे ना? कर. शेवटी पोस्ट मिळाली तर छान. नाही मिळाली तर बँकेत परत जायचं, आणि मग जन्मभर माझ्यासमोर उसासे टाकत बसायचं नाही." बँकेत परत जाता येईल याची तिला खात्री होती. मला उसाशांबद्दल खात्री नव्हती. पोस्ट एकच होती. वर्षाच्या शेवटी निवड समितीसमोर गायचं आणि मग ते ठरवणार. बँकेत मी तेरा माणसांच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मांडीवर गिटारचे कॉर्ड दाबत बसायचो. परत तिथे मला जायचं नव्हतं.

ट्रायल सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत करोना आला.

सगळे कार्यक्रम रद्द झाले, ते समजण्यासारखं होतं. मग नियम यायला लागले. फुंकायची वाद्यं बंद, कारण फुंकीतून विषाणू उडतात. बँडातली बहुतेक माणसं फुंकूनच पोट भरणारी, ती सगळी रिकामी झाली. गिटारवाल्यांकडे बँडात कोणी फारसं बघत नाही. आम्ही म्हणजे लग्नातले वरमाईकडचे दूरचे नातेवाईक. आता अचानक आमचाच भाव वधारला. तो वधारलेला भाव आठवडाभर टिकला, कारण पुढच्या आदेशात गाणंही बंद झालं. म्हणजे मी असा लष्करी गायक झालो, ज्याला लष्कराच्या आदेशाने गायला बंदी होती.

मग आम्हाला बॉर्डरवर पाठवलं.

ऑस्ट्रेलियाला बॉर्डर नाही, चोहीकडे समुद्र आहे, असं मी आईला पूर्वी शंभरदा सांगितलं होतं. पण त्या वर्षी राज्यांनी एकमेकांना आपल्या हद्दी बंद केल्या. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या मधल्या नदीच्या पुलावर पोलिसांच्या मदतीला मी पिवळं जाकीट घालून उभा राहिलो. गाड्या थांबवायच्या, परमिट बघायचं, कुठून आलात, कुठे चाललात, हे विचारायचं. कंट्री गाण्यांमध्ये माणूस गाव सोडतो, रस्त्याला लागतो आणि मागे वळून बघत नाही. मी तसल्या माणसांना यू-टर्न घ्यायला लावत होतो.

एका ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये मोठ्याने गाणं चालू होतं. मला येणारं. मी परमिट बघता बघता पायाने ताल धरला. तो म्हणाला, "आवडतं का मेट?" (इथे अनोळखी माणसालाही मेट, म्हणजे मित्रा, असंच म्हणतात.) मी म्हटलं, "हे गायचाच पगार घेतो मी." त्याने माझ्या जाकिटाकडे पाहिलं आणि काच वर केली.

वसईत मात्र माझी कॉलर टाइट झाली. आईने फादरना सांगितलं की मुलगा बॉर्डरवर आहे. ऑनलाइन मिस्सामध्ये माझ्या सुरक्षिततेसाठी प्रार्थना झाली. मी पुलाशेजारी थर्मासमधला चहा पीत मोबाइलवर ती पाहिली. शत्रू कोण, हे फादरनी सांगितलं नाही, पण "आमेन" सगळ्यांनी मनापासून म्हटलं.

ट्रायलचे महिने असे चालले होते. मला मोजता येत होतं की समितीसमोर उभा राहीन तेव्हा माझ्या नावावर गाणी कमी आणि अडवलेल्या गाड्या जास्त असतील. रात्री मी बायकोला फोनवर म्हटलं, "हे काही खरं नाही." ती म्हणाली, "उसासा टाकलास?" मी म्हटलं, "नाही, मास्क आहे."

वसंत ऋतूत नियम सैल झाले. उघड्यावर, अंतर ठेवून गायला परवानगी मिळाली. सिडनीच्या पश्चिमेला एका वृद्धाश्रमाच्या कार पार्कमध्ये आमचा कार्यक्रम ठरला. वृद्ध काचेच्या आत, आम्ही बाहेर, मध्ये गुलाबांचा वाफा. दोन गिटार, एक छोटा ड्रम आणि आमची सार्जंट. ती एरवी ट्रॉम्बोन वाजवायची, क्वीन्सलंडमध्ये गुरांच्या फार्मवर वाढलेली, कंट्री गाण्यांवर आईच्या दुधावर पोसावी तशी पोसलेली. माझ्या ट्रायलचा रिपोर्ट तीच लिहिणार होती.

कार्यक्रम छान झाला. काचेआड माना डोलत होत्या. शेवटी सार्जंट मला म्हणाली, "एक तू निवड. वॉल्ट्झ घे, जोडीने नाचायचं. काहीतरी गोड."

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. वसईत ही गाणी जहाजावर नोकरी करणाऱ्या मामा-काकांनी कॅसेटींमधून आणली. ती आमच्याकडे चालीवरून वाटली गेली. ही चाल नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाची, ही लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची, ही नवीन रिक्षेवर फादर पाणी शिंपडतात तेव्हाची. शब्द कोणी ऐकायचे नाहीत. माझी आजी लॅटिनमधल्या प्रार्थना घडाघडा म्हणायची आणि तिला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही, पण देवाला कळायचं. तसंच हे. मला इंग्रजी येतं, मी त्यावरच पोट भरलं. पण ही गाणी माझ्यात इंग्रजीच्या आधी शिरली होती. एकदा पाठ झालेल्या गाण्याचा अर्थ कोण तपासायला जातो?

तर मी नवरा-नवरीच्या नाचाचं गाणं घेतलं. माझ्या लग्नात पपांनी क्लॅरिनेटवर वाजवलेलं. या चालीवर वसईत निदान दोन पिढ्यांचे संसार सुरू झालेत. मी मनापासून गायलो. दुसऱ्या कडव्याला वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंचा चेहरा बदलला. तिसऱ्याला त्यांनी आतून पडदे ओढायला सुरुवात केली. मला वाटलं, ऊन लागत असेल.

बसमध्ये सार्जंट माझ्यापासून दोन सीट सोडून बसली. "मेट," ती म्हणाली, "आपण काय गायलं, ठाऊक आहे?"

"लग्नाचं गाणं."

तिने मला ते गाणं ओळीओळीने समजावून सांगितलं. माणूस मुलीला नदीवर फिरायला नेतो. ती लग्नाला नाही म्हणते. तो तिला बुडवतो. घरी येतो, घोड्याला चारा घालतो आणि शांत झोपतो. शेवटच्या कडव्यात नदी उन्हात चमकत असते. सगळे शब्द मीच कितीदा तरी गायलो होतो, पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा ऐकले.

मॅनेजरबाईंची तक्रार दुसऱ्या दिवशी आलीच. साथीच्या काळात, काचेआड अडकलेल्या म्हाताऱ्यांना, सरकारी गणवेशातल्या माणसाने खुनाचं गाणं ऐकवलं. यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. पोस्ट गेली, हे मी धरून चाललो आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे आपण... आणि माझ्या बहिणीने... आणि तुझ्या सगळ्या मावश्या रडत होत्या ना तेव्हा?" मग ती जी हसत सुटली, ती ओट्याला धरून खाली बसली. त्या वर्षात ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. मला अजिबात हसू येत नव्हतं. माझं वर्ष संपत आलं होतं.

मी रागारागात पपांना फोन लावला. चाळीस वर्षं हे गाणं नवरा-नवरीसाठी निवडणारे तेच. म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे का या गाण्यात काय आहे?

"मुलीला नदीत बुडवतो," पपा म्हणाले.

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"जहाजावरच्या तुझ्या मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण चाल चांगली आहे. लग्नाला लोक नाचायला येतात, साक्ष द्यायला नाही." मग ते म्हणाले, "तू गाताना तोंड कसं ठेवलंस?"

"म्हणजे?"

"बँडवाल्याला तोंड नसतं रे. लग्न ज्याचं त्याने हसायचं, मयत ज्याची त्याने रडायचं. आपण वाजवायचं."

आमच्या गावचे बँडवाले खरंच तसे. वरात असो की अंत्ययात्रा, चेहरा रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखा. मी लहानपणापासून तो पाहिला होता आणि मला वाटायचं त्यांना कंटाळा येतो.

सार्जंटने तक्रारीला लेखी उत्तर दिलं, वृद्धाश्रमाची माफी मागितली, मलाही मागायला लावली, आणि पुढच्या तीन कार्यक्रमांना मला नुसतं ड्रमच्या शेजारी बसवलं. समितीच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "एक गाणं तुझ्या पसंतीचं गायचंय. तेच गा."

मला वाटलं, ती माझी उरलीसुरली काशी करायला निघाली आहे.

"आमच्याकडे लोक खुनाची गाणी गाताना डोळे मोठे करतात, आवाज कापरा करतात," ती म्हणाली. "तू काहीच केलं नाहीस. जणू हवामान सांगतोयस. माझ्या अंगावर काटा आला. फक्त म्हाताऱ्यांसमोर गायचं नव्हतं."

आता अडचण अशी, की तेव्हा मला अर्थ कळत नव्हता आणि आता कळत होता. एका मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये तिघेजण मास्क लावून लांब लांब बसले होते. मी सुरू केलं. नदीपर्यंत ठीक गेलं. ती नाही म्हणते तिथे माझा ताल मागे पडला. ती मुलगी आता मला दिसत होती, हाच घोटाळा. मग मी पपांच्या मागे उभा आहे असं समजलो, तोंड कोरं केलं आणि समोरच्या भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघत शेवटापर्यंत गायलो. संपल्यावर एकाने मास्क सारखा केला.

चार आठवडे काही कळलं नाही. मग एका दुपारी ईमेल आला. बायकोने माझ्या खांद्यावरून तो वाचला आणि म्हणाली, "आता उसासा टाक." पोस्ट मिळाली होती. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वसईला फोन लावला. आईने "देवा, पावलास" म्हणून लगेच विचारलं की आता तरी बॉर्डरवरून काढतील ना. मग पपांनी फोन घेतला.

"पक्की नोकरी?"

"पक्की."

"पेन्शन?"

"आहे."

"गायचं, आणि पेन्शन?"

"हो पपा."

त्यांचं ते ठरलेलं वाक्य येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. पपा म्हणाले, "मलाही बोलावलं होतं एकदा. नौदलाच्या बँडात. मुंबईला परीक्षेला या म्हणून." आवाज अगदी सपाट होता. "तू वर्षाचा होतास. मी गेलोच नाही."

मागून आईचा आवाज आला, "हे कधी झालं? मला नाही कधी सांगितलंत ते?"

पपा मला म्हणाले, "चांगलं झालं तू गेलास," आणि फोन तिच्या हातात दिला. तिचं तोंड त्यांच्याकडे असावं, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. ती त्यांना विचारत होती, "काय वाजवणार होतात तिथे?"