सुरंगीचं गाऱ्हाणं

परवा परड्यातली वाळलेली घाणेरी पेटवली आणि त्या कडवट धुराने साठ सालच्या सुमारासची एक सकाळ आठवली. पिंगुळीजवळ आमचं नवं घर व्हायचं होतं आणि शेजारच्या परड्यात तेव्हाही अशीच घाणेरी जळत होती. जागेत करवंदीच्या जाळ्या डोक्याच्या वर गेलेल्या आणि मधोमध फुलांनी लगडलेली, मधमाश्यांनी घुमणारी सुरंगी. आईच्या माहेरी, रेडीला, दारात असंच झाड होतं. तिला ही सुरंगी तोडायला नको होती. बाबांनी तिला आधीच उडवून लावलं होतं, "झाड ठेवला तर घर खंय बांधू? तुझ्या डोक्यार?" कोयते चालवण्यापूर्वी शेजारच्या आजोबांनी जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे "होय म्हाराजा!" म्हणत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि काय सांगूचा रवला?" मागे बायकांत उभी असलेली आई एकदम म्हणाली, "ह्या सुरंगीक कोणी कोयतो लावू नये, असा सांगा." आजोबांनी त्याच सुरात तेही सांगितलं आणि सगळ्यांबरोबर बाबांच्याही तोंडून सवयीने "होय म्हाराजा!" निघून गेलं. गडी हसू लागले. "बरा गाठलंस गो माका," बाबा म्हणाले. देवापुढे दिलेला शब्द फिरवायची सोय नव्हती. त्यांनी आखणीची दोरी आईच्या हातात दिली. "आता तूच सांग, घराचा दार खंय ठेवूया?" मी आता घरातलं सगळं भराभर ठरवून मोकळी होते, आईला मात्र असं कधी कुणी विचारलंच नव्हतं; तेवढं सांगायला तिला बराच वेळ लागला, आणि तोवर बाबा उन्हात थांबून राहिले.