एका इंचात बारा टाके

“लेदर बिझनेस म्हणे! मी चौकशी केली ना. चपला शिवतात गं तिचे वडील, स्टँडसमोर बसून. पण मुलगी अगदी स्वच्छ आहे हं!”

शर्वरीवहिनी स्वयंपाकघरातून पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी बाथरूममधून हात धुऊन बाहेर येत होते. स्वच्छ मुलगी परत आत गेली आणि आणखी एकदा हात धुऊन आली!

जपानमध्ये प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो. जळणारा सोमवारी आणि गुरुवारी, बाटल्या बुधवारी. रागाचा वार मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. म्हणून असे किस्से घरातच साठत जातात. माझ्या लग्नाला आठ महिने झालेत आणि पिशवीला गाठ बसेनाशी झालीय.

*

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही ओसाकाहून ट्रेनने कोबेला जातो, मकरंददादांकडे. नात्याचे नाहीत, पण इथे सगळ्यांचे दादा; बँकेच्या पोस्टिंगवर सात वर्षं इथे आहेत. शर्वरीवहिनी त्यांच्या मिसेस. शिवाय सलील, ट्रेडिंग कंपनीतला, आणि माझा नवरा निखिल. तिघा पुरुषांना एकच वेड: इंग्लंडमध्ये बनलेले लेदरचे बूट. इथे सेकंडहँड फार चांगले मिळतात.

दारात जिथे बूट काढून ठेवायचे त्या खोलगट जागेला इथे गेनकान म्हणतात. बाकीची माणसं तिथे बूट काढून घरात जातात. हे तिघे बूट काढतात आणि तिथेच उकिडवे बसतात. सलील मोबाइलचा टॉर्च धरतो, मकरंददादा पट्टी लावतात.

“इंचात दहा टाके.”

“माझ्यात बारा!”

बाळाचं वजन सांगताना बाईचा आवाज होतो ना, तस्सा!

*

पहिल्यांदा कोबेला जाताना निखिल ट्रेनमध्ये म्हणाला होता, “एवढं सगळं सांगायची गरज नसते गं. लेदर बिझनेस म्हण. खोटं नाही ना ते?”

नाही, खोटं कसं असेल! कऱ्हाडच्या स्टँडसमोर चार पत्रे, एक ऐरण, आरी, रापी आणि आबा. हेड ऑफिस म्हणा की!

याच आबांनी लग्नाआधी निखिलच्या पायाचं माप स्वतः गुडघ्यावर बसून घेतलं होतं. तेव्हा हा म्हणाला होता, “आबा, तुमच्या हातात जादू आहे.” जादू बहुतेक कस्टम्सला अडकली.

*

एकदा सलीलला माझी दया आली. “तुला बोअर होत असेल ना? हे जरा टेक्निकल आहे. बघ, ही कडेने गेलेली चामड्याची पट्टी, हिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग आणि सोल दोन्ही हिला शिवलेले असतात. म्हणून तर सोल बदलता येतो. हे कळलं की बूट कळला!”

मी त्याचा बूट हातात घेऊन उलटा केला. वेल्ट नुसता चिकटवलेला होता. टाके वरवरचे, शोभेचे. खाली सोलपर्यंत एकही पोचलेला नव्हता.

मी म्हटलं, “हो का!”

*

ओसाकात बूट दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत. तिघे तिथे देवदर्शनाला जावं तसे जातात. त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, कमरेत वाकतात. “चौथी पिढी!” मकरंददादा मला कुजबुजत सांगतात. “बापाकडून मुलाकडे आलेली कला! हे डेडिकेशन आपल्याकडे नाही बघ.”

आबा पाचवी पिढी आहेत. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं. तो म्हाताऱ्यांबरोबर सेल्फी घेत होता.

*

पुढच्या महिन्यात मकरंददादांनी नवा जोड आणला. बूट थेट डायनिंग टेबलावर! खाली नॅपकिन, शेजारी वाटली डाळ. ज्यांच्या घरी माझी पर्ससुद्धा टेबलावर चालत नाही, त्या वहिनी कौतुकाने बघत होत्या. दादांनी बुटात नाक घातलं. “अहाहा! खऱ्या लेदरचा वास!”

त्याच सुमारास आबांनी दादांसाठी चपला पाठवल्या. अकरा दिवस खपून केलेल्या, कानांवर, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांवर, बारीक वेणी. वहिनींनी त्या दोन बोटांनी उचलल्या. “बाल्कनीत ठेवते हं, वास जाईपर्यंत.”

दोन महिने त्या तिथेच होत्या. मग एक दिवस वहिनींनी मला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने विचारलं, “चामडं जळणाऱ्या कचऱ्यात चालतं का गं? तुला माहीत असेल!”

चपला मी पिशवीत घालून घरी आणल्या. ट्रेनमध्ये निखिलने विचारलं, “पिशवीत काय आहे?” मी म्हटलं, “लेदर बिझनेस.” पुढची सगळी स्टेशनं तो खिडकीबाहेर बघत होता.

*

आणि हा मागचा शनिवार. त्याआधीच्या आठवड्यात निखिलच्या उजव्या बुटाची शिवण सोलपाशी तीन बोटं उसवली होती. सेन्सेईंकडे दोन महिन्यांचं वेटिंग. शनिवारी बूट घालायचेच, म्हणून साहेब रडकुंडीला आलेले. मंगळवारी मी आबांनी सोबत दिलेली आरी काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि जुन्याच भोकांतून नवा टाका घातला. निखिल चहा पीत समोर बसून बघत होता.

शनिवारी गेनकानात पट्टी निघाली, टॉर्च लागला. मकरंददादा निखिलच्या उजव्या बुटाशी थबकले.

“सलील, इकडे ये! हा भाग बघ. हे मशीनचं काम नाही. हा हाताचा टाका आहे.”

“बाप रे! काय बसलाय!”

“इंग्लंडमधला कोणीतरी म्हातारा कारागीर असणार. पिढ्यान्‌पिढ्या केल्याशिवाय असा हात बसत नाही. आपल्याकडे जमेल का कुणाला हे? शर्वरी, तूही बघ!”

वहिनी आल्या, वाकल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं. “खरंच, किती सुरेख!”

“निखिल, लेका, मानलं तुझ्या नजरेला,” दादा म्हणाले.

“थँक्यू दादा,” निखिल म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बुटाकडे बघत होता.

“ग्रेट पीस, यार!” सलील म्हणाला.

“थँक्यू, थँक्यू!”

मी तो बूट दादांच्या हातातून काढून घेतला.

“मकरंददादा, हा टाका मी घातलाय. मंगळवारी, आमच्या ओसाकाच्या घरात बसून. माझे आबा चांभार आहेत, त्यांनी शिकवलाय मला. निखिललाही हे माहीत आहे. विचारा त्याला, मघापासून कसलं थँक्यू म्हणतोय!”