नदीचा वेग, पोहणाऱ्याचा वेग

माझा थोरला भाऊ प्रवरेत बुडाला तेव्हा माझा दहावीचा निकाल लागायचा होता. आमचं गाव बेलापूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. उन्हाळ्यात पात्रात गुडघाभर पाणी असतं. भाऊ म्हशी घेऊन पायीच पलीकडे जायचा, कारण तिकडच्या काठाला गवत बरं होतं.

त्या दिवशी धरणातून पाणी सोडल्याचं देवळाच्या स्पीकरवरून सांगितलं. भावाचा मोबाईल घरीच चार्जिंगला लावलेला होता. आई तशीच घाटाकडे पळाली, मी तिच्या मागे. आम्ही पोचलो तोवर पाणी चढलं होतं. गढूळ पाण्यातून काटक्याकुटक्या वाहत होत्या. पलीकडे म्हशी बिथरून पाण्यात शिरल्या होत्या आणि भाऊ काठावर उभा होता.

आईनं हाका मारायला सुरुवात केली. "हितं ये. माझ्याकडं बघ, हितं ये."

त्यानं उडी घेतली. तो चांगला पोहायचा, त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. आई पायरीवरून सारखी हाका मारत होती आणि तो तिच्याकडे बघत हात मारत होता. नदी त्याला खाली ओढायची, की तो पुन्हा तोंड फिरवून घाटाकडे यायला बघायचा. बराच वेळ तो आमच्या काठापासून तेवढाच लांब दिसत राहिला, फक्त खाली खाली सरकत गेला. मग त्याचे हात मंदावले. नंतर नुसतं पाणी.

म्हशी खालच्या वळणावर, आमच्याच काठाच्या बाभळींपाशी, आपल्या आपण बाहेर निघाल्या. भाऊ दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याशी सापडला.

मी अकरावी सायन्सला गेले ती आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, आग्रहामुळे. पावसाळा संपता संपता फिजिक्सच्या सरांनी सापेक्ष वेग शिकवायला घेतला. सर नवीन होते, नगरजवळच्या केडगावचे. आमच्या घरचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा मारून नदी काढली. प्रवाहाच्या दिशेनं एक बाण आणि पोहणाऱ्या माणसाचा दुसरा.

"पोहणाऱ्याला बरोबर समोरच्या बिंदूवर पोचायचंय," सर म्हणाले. "तर त्यानं तोंड कुठं करायचं?"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. अर्धा वर्ग आमच्या आणि शेजारच्या गावांतला होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून सरांजवळ गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि डस्टर उचललं.

"सर, पुसू नका," मी म्हणाले.

ते थांबले. डस्टर खाली ठेवून त्यांनी हलक्या आवाजात पुढे शिकवलं. समोर पोचायचं तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून तिरपं पोहायचं, म्हणजे पोहणाऱ्याच्या वेगाचा एक भाग प्रवाहाची ओढ भरून काढतो आणि उरलेला भाग त्याला पलीकडे नेतो.

मी विचारलं, "आणि नदीचाच वेग जास्त असला तर?"

"तर तसा कोन मिळत नाही. तो समोर पोचू शकत नाही."

"मग त्यानं काय करायचं?"

सरांनी खडू हातात फिरवला. "काठाच्या दिशेनं सरळ पोहायचं. नदी खाली नेईल तिकडं जाऊ द्यायचं. सगळ्यात कमी वेळात काठ मिळतो. फक्त खाली कुठंतरी मिळतो."

"आणि तरीही तो समोरच यायला बघत राहिला तर?"

सरांनी उत्तर द्यायची गरज नव्हती. बाण मलाही काढता येत होते. नदीचा वेग पोहणाऱ्याच्या दुप्पट धरला आणि तो सरळ काठाकडे पोहला, तर तो पात्राच्या रुंदीच्या दुप्पट खाली जाऊन काठाला लागतो. आमच्या घाटापासून तेवढ्या अंतरावर बाभळींचं वळण येतं. पण पोहणारा जसजसा खाली जातो तसतसं घाटाकडे तोंड करायला त्याला जास्त जास्त प्रवाहाविरुद्ध वळावं लागतं. शेवटी त्याची सगळी ताकद प्रवाहाशी झगडण्यात जाते आणि काठ आहे तिथंच राहतो.

संध्याकाळी आप्पा उसाला पाणी भरत होते, तिथं जाऊन मी त्यांना हे सांगितलं. बाण वगैरे काही नाही, साध्या शब्दांत. त्यांनी खोऱ्यानं बारं मोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि मग बोलले.

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तू घरी यून सांगितलंस ना, की तो आईकडंच बघत हुता, तवापासून. पुरात समोर जायचं नसतं. समद्या गावाला ठावं हाय." त्यांनी खोरं बांधावर टेकवलं. "तिला बोलू नको."

मी बोलले नाही. गावातलं कुणीच बोललं नाही. घरात आम्ही तिघं जेवायचो, आणि मला सारखं वाटायचं की आईनं विचारलं तर माझ्या तोंडून निघून जाईल.

तिनं विचारलं नाही. दिवाळीला देवळाली प्रवराची मावशी आली होती. भांडी घासता घासता ती सहज म्हणाली, "एवढा पोहनारा पोरगा, कसा गं बुडाला?"

आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मी हाका मारल्या म्हनून," ती म्हणाली. "माझ्याकडं यायला बघत हुता. म्हशींना कुनी हाक मारली न्हाई, त्या निघाल्या."

मावशी रडायला लागली. आई रडली नाही. ओट्यावर बसलेले आप्पा उठले आणि गोठ्याकडे गेले. वैरण टाकून झाली होती, तरी ते बराच वेळ तिकडेच होते.

मावशी गेल्यावर मी आईजवळ बसले. म्हटलं, तू हाक मारली नसतीस तरी तो घाटाकडेच आला असता, माणूस ओळखीच्या काठाकडेच येतो.

"मला समजावू नको," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "नुसता वाहत आला असता तर कुटं निघाला असता?"

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाभळींपाशी," मी म्हणाले.

ती मान हलवून उठली.

बोलून टाकल्यानं तिचं काही हलकं झालं असं मला कधी दिसलं नाही. आप्पांचंही नाही. पुढं मी बीएस्सी केलं, आता राहुरीला शिकवते, सुट्टीत घरी येते. आई कुणालाही लांबून हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं असलं तरी उन्हातून बांध तुडवत आप्पांजवळ जाते, समोर उभी राहते आणि मग सांगते.

"फोन करायचा ना," आप्पा म्हणतात.

"आले की आता," ती म्हणते, आणि दोघं घराकडे चालू लागतात.