मावशींच्या भिंतीवरचा खिळा

काल पालीला जाऊन आलो... रिकाम्या हाताने.

बदली होऊन वेल्ह्याला आलो, त्याला वर्ष होत आलं. ऑफिस, खोली, डबा... संपला दिवस. रविवारी कॅमेरा घेऊन भटकतो. डिजिटलमध्ये फोटोंचा नुसता खच पडलाय, पण "हा बघ" म्हणायला शेजारी कुणी नाही. खरं सांगू? फार एकटं वाटतं इथे.

म्हणून मध्यंतरी एक जुना रोलवाला कॅमेरा घेतला. म्हटलं, निदान रोल धुवून येईपर्यंत वाट बघायला काहीतरी असेल!

पालीत राजगडाच्या पायथ्याला एक मावशी ट्रेकवाल्यांना ताक विकतात. पहिला रोल घालून त्यांचे फोटो काढले आणि सवयीने कॅमेरा उलटा करून बघितला... मागे नुसतं काळं झाकण. मावशीही उठून माझ्या खांद्याशी आल्या. "कुठं हाय?"

म्हटलं, लगेच नाही दिसत, पुण्याला धुवायला द्यावा लागतो.

"मंग कवा येशील घिऊन?"

परत कधी येणार, असं इथे आल्यापासून मला कुणी विचारलंच नव्हतं. मी छाती फुगवून सांगून टाकलं, महिनाभरात फ्रेम करूनच आणतो.

पुण्याहून रोल आला तो कोरा. एकही फोटो नाही! रोलचं टोक आतल्या चक्रीच्या खाचेत नीट बसवावं लागतं, ते निसटलं होतं. मी शहाणा दिवसभर खटाखट बटण दाबत होतो आणि आत फिल्म जागची हललीसुद्धा नव्हती. स्क्रीन असती तर पहिल्याच फोटोला कळलं असतं.

मग दोन रविवार तिकडे फिरकलोच नाही. काय तोंडाने जाणार? पण खोलीत बसून पंख्याकडे तरी किती बघायचं... काल गेलो.

मावशींनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. मग घरात नेलं. देवाच्या तसबिरींशेजारी भिंतीत एक नवा खिळा होता, माझ्या फ्रेमसाठी ठोकून घेतलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी हातात चुरगाळत कसंबसं सांगितलं.

"आरं द्येवा! उनात येवढं उबं क्येलंस मला, आन् आत कायच न्हाई?" चांगल्याच चिडल्या. चिडूनच ताकाचा ग्लास पुढे केला, हातातली टोपी काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली. "पुढल्या ऐतवारी ये. म्या हिरवं लुगडं नेसते. आन् त्ये टोक नीट बसीव!"

एसटी निघाल्यावर डोक्याला हात लावला, तर टोपी मावशींच्या खिळ्यालाच राहिलेली. उतरावं असं क्षणभर वाटलं, पण बसून राहिलो. या मुलखात कुणाच्या तरी भिंतीवर माझं काहीतरी टांगलेलं आहे... आणि ते आणायला मला जायचं आहे.