चंपाचं पूर्ण नाव

अख्ख्या रत्नागिरीत आमच्या बाईंना न घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, पण शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे. समोर कोणीही येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "पूर्ण नाव सांग." स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव, तेही खणखणीत आवाजात. नारळ पाडायला आलेल्या गड्याला त्यांनी एकदा निम्म्या झाडावरून खाली उतरवलं, कारण त्यानं वडिलांचं नाव गाळलं होतं. एका दुपारी परसात फणसचोर सापडला. पळाला असता तर सुटला असता बिचारा, पण बाईंनी विचारताच त्यानं तिन्ही नावं धडाधड सांगून टाकली. बाईंनी शाबासकी देऊन फणस त्यालाच दिला.

चंपा ही मिरकरवाड्यातली खारव्याची पोर. बाप होडीसकट समुद्रात गेला, पाठोपाठ आई तापानं गेली, आणि बाईंनी पोरीला सरळ घरी आणलं. बाई विधवा, घर सोवळ्याचं. आळीत तोंडं वाकडी झाली, विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या चंपाच्या वेण्या इतक्या घट्ट घालत की पोर दिवसभर आश्चर्यानं पाहतेय असं वाटे.

मग कोणीतरी वर तक्रार केली आणि शाळाखात्याचे डिपुटीसाहेब चौकशीला शाळेत आले. पोरीला कोणी नाही, तेव्हा तिला पुण्याच्या अनाथाश्रमात धाडायची, असं त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. त्या दिवशी बाई मला पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. हातातला खडू मोडला तरी त्यांना पत्ता नव्हता.

साहेबांनी चंपाला उभं केलं आणि नेमकं पूर्ण नावच विचारलं.

"चंपा बाई," ती म्हणाली.

साहेबांना हसू आलं. एवढीशी पोर स्वतःला चंपाबाई म्हणवून घेते, असं त्यांना वाटलं.

"चंपाबाई नाय," चंपा म्हणाली. "माजा नाव चंपा. मधला नाव बाई."

वर्गात कोणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात आडनाव विचारलं. चंपानं बाईंकडे पाहिलं. साऱ्या गावाला नाव विचारणाऱ्या बाईंनी त्या पोरीला ते कधी विचारलंच नव्हतं, तिला आईबाप आठवतील म्हणून. बाई पुढे आल्या.

"आडनाव माझं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. चंपा राहिली.

शाळा सुटल्यावर त्या दोघी उतारावरून घरी निघाल्या. बाईंनी चंपाचा हात असा धरला होता की पोर एका अंगाला कलून चालत होती. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या उतारावर गेलं की मला अजून भरून येतं.